आतल्या खोलीतला सामना

शेवटची शिट्टी उपेंद्रला ऐकूच आली नाही. टीव्हीचा आवाज त्यानं पहाटे बसतानाच पार बंद करून टाकला होता. त्याला नुसतं दिसलं. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कप्तान जिथं होता तिथंच गुडघ्यांवर बसला, त्यानं तोंड दोन्ही हातांनी झाकलं आणि चारी बाजूंनी धावत आलेले सोबती त्याच्या अंगावर पडले. अर्जेंटिना जिंकली होती. कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेतल्या फुटबॉल स्पर्धेची फायनल, ब्राझीलच्या घरात जाऊन, एक-शून्य. अठ्ठावीस वर्षांनी मोठा करंडक. आणि बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या भाड्याच्या घरात, वेताच्या खुर्चीच्या कडेला टेकलेल्या उपेंद्रच्या लक्षात आलं, की गेला तासभर आपण मनातल्या मनात पिवळ्या जर्सीवाल्यांच्या हातापाया पडत होतो. घाला रे, एक तरी घाला, असं म्हणत होतो. ज्या ब्राझीलबद्दल उभ्या जन्मात चांगला शब्द काढला नाही, त्या ब्राझीलला. ते आता मैदानात फतकल मारून बसले होते, त्यांच्यातलं कुणी रडतही होतं, आणि उपेंद्रला त्यांचा मनापासून राग आला. एवढं एक काम सांगितलं होतं, तेही यांच्यानं झालं नाही.

तो उठला नाही. उठून करायचं काय, हाही प्रश्नच होता. या क्षणी आपण काय करू, याची चित्रं त्यानं आयुष्यभर इतक्या वेळा रंगवली होती की आता प्रत्यक्षात करायला काही शिल्लकच नव्हतं. तरुणपणी वाटायचं, रस्त्यावर जाऊन नाचू. चाळिशीत वाटायचं, रडू. पन्नाशीनंतर वाटायला लागलं होतं, की नुसतं शांतपणे खुर्चीत मागे टेकू आणि म्हणू, चला, झालं एकदाचं. यातलं काहीच झालं नाही. मागे टेकवतही नव्हतं, कारण त्याचे कान आतल्या खोलीकडे लागले होते. दार पुढे ओढलेलं होतं. आत प्रतिमा, त्याची बायको, झोपली होती. मे महिन्यापासून त्याच्या कानांना हे एकच काम उरलं होतं, आतून खोकला येतो का ते ऐकायचं. आला तर किती वेळ चालतो, कोरडा की कसा, मधे श्वास घेते का. कारखान्यात यंत्राच्या आवाजावरून बेअरिंग गेलं की नाही हे ओळखणारा माणूस तो, पण ते यंत्र बंद करून उघडून बघता यायचं. इथं नुसतंच ऐकायचं होतं. दोन महिने असं ऐकून ऐकून तो शिणला होता. झोप झाली तरी जात नाही असला तो शीण होता. आत्ता आतून काहीच आवाज येत नव्हता आणि तेही त्याला बरं वाटेना.

कारण तो बोलून बसला होता. मे महिन्यात, बेंगळुरूत ऑक्सिजनच्या खाटेसाठी माणसं फोनवर रडत होती त्या दिवसांत, वरच्या मजल्यावरच्या वादिराजांच्या ओळखीनं प्रतिमाला कशीबशी एका हॉस्पिटलात जागा मिळाली. आत कुणाला सोडत नव्हते. समोरच्या फुटपाथवर एक मोठं झाड होतं, त्याच्या खाली आपापली माणसं आत असलेले लोक तोंडं बांधून दिवसभर उभे असायचे. कुणी कुणाशी बोलायचं नाही. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन यायचा आणि ते त्यांच्या कानडी वळणाच्या हिंदीत म्हणायचे, आज स्वल्प ठीक है. एके दिवशी ते स्वल्पसुद्धा म्हणाले नाहीत. नुसतं, बघू या, म्हणाले. उपेंद्र नवसाचा माणूस नव्हता. कोल्हापुरात त्याची आई अंबाबाईला ऊठसूट काहीबाही कबूल करायची आणि तो हसायचा. पण त्या झाडाखाली उभं राहून त्याला वाटलं, काहीतरी द्यायला पाहिजे, आणि नारळ नि साडीचोळी नको, जे देताना आपला जीव जाईल असं काहीतरी द्यायला पाहिजे. असं आपल्यापाशी आहे काय, म्हणून तो मनात शोधायला लागला. नोकरी होती ती संपतच आली होती. व्यसन नव्हतं. मुलगी यशश्री सर्जापूर रोडला तिच्या संसारात होती, ती काही देण्याची वस्तू नव्हे. शोधता शोधता हाताला लागली ती एकच गोष्ट, आणि ती आपल्यापाशी कधीच नव्हती, हे काही त्याच्या त्या वेळी ध्यानात आलं नाही. तो मनात म्हणाला, ती घरी येऊ दे, अर्जेंटिना परत कधी नाही जिंकली तरी चालेल. मग त्याला स्वतःचीच शरम वाटली. चालेल म्हणजे काय, ही तर मंडईतली घासाघीस झाली. म्हणून त्यानं नीट, शब्द सुटे सुटे करून पुन्हा म्हटलं, जिंकूच नये. मी जिवंत असेपर्यंत जिंकूच नये. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन कमी केलाय.

आता यावर शहाण्या माणसानं हसावं. उपेंद्रही एरवी हसला असता. पण अर्जेंटिना म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या पेठेत वाढलेल्या माणसाला विचारावं. बाकीच्या महाराष्ट्रात पोरं क्रिकेट खेळायची तेव्हा यांच्याकडे तालमीच्या नावानं फुटबॉलचे संघ होते. खाली कुस्तीची लाल माती, वर भिंतीवर फुटबॉलच्या ढाली, आणि दोन तालमींचा सामना असला की स्टेडियमवर पोलीस. वर्ल्ड कप आला की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पताका लागायच्या, एक गल्ली ब्राझील, पलीकडची जर्मनी. उपेंद्रची गल्ली अर्जेंटिना. शहाऐंशी साली तालमीच्या ओट्यावर टेबल टाकून त्यावर टीव्ही मांडला होता आणि अख्खी गल्ली खाली सतरंजीवर. उपेंद्र तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. जिंकल्यावर संग्रामनं, त्याच्या बालमित्रानं, त्याला खांद्यावर घेतलं होतं आणि दोघंही पडले होते, ढोपरं फुटली होती. ते रक्तसुद्धा गोड वाटावं असलं वय. पुढं नोकरीसाठी तो बेंगळुरूला आला, मशीनच्या ड्रॉइंगांत डोकं घालून बसला, आणि अर्जेंटिना नुसती हरत राहिली. मधे दोनदा हाच करंडक जिंकलीही होती म्हणे, पण ते त्याला पेपरातल्या तीन ओळींवरून कळलं, आणि पेपरात वाचून कुणी नाचत नाही. डोळ्यांदेखत मात्र हरणंच. नव्वदची फायनल, मग चौदाची, पंधराची, सोळाची. कारखान्यातले बंगाली सहकारी चहाच्या वेळी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. दर वेळी हरल्यावर त्याला वाटायचं, सोडू या हे आता, आणि चार वर्षांनी पुन्हा तोच टीव्हीसमोर असायचा. हरण्याचीसुद्धा माणसाला सवय लागते आणि मग ती मोडवत नाही.

आणि या सगळ्यात प्रतिमा होती, म्हणजे नव्हती. नव्वदच्या मे महिन्यात त्यांचं लग्न झालं आणि जुलैत फायनल. रजा काढून तो कोल्हापूरला गेला होता, बाहेरच्या खोलीत तालमीतली सगळी पोरं दाटीवाटीनं बसली होती. सासूबाईंनी पाठवलं म्हणून नवी नवरी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात आली आणि नेमक्या त्याच क्षणी पंचानं अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टी दिली. संग्राम तिच्याकडे वळून म्हणाला होता, वैनी, जरा आत जावा बघू. ती ट्रेसकट मागे फिरली. पेनल्टीवर गोल झाला, सामना गेला, चहा कुणीच प्यायलं नाही. नंतर त्यावर सगळे हसले, तीही हसली. चौऱ्याण्णव साली ती दोन सामने कौतुकानं शेजारी बसून बघत होती, तर तिसऱ्या सामन्याआधी कप्तानालाच स्पर्धेतून काढून टाकल्याची बातमी आली. उपेंद्र म्हणाला, बघ, तू बसलीस. चेष्टेतच म्हणाला तो. चेष्टेतच ते घरात रुजलं. यशश्री चार-पाच वर्षांची असताना आईचं बोट धरून तिला आतल्या खोलीत पोचवून यायची आणि दार लावून घ्यायची, आई, अर्जेंटिना आली, तू आत. मग सांगावंही लागेना. सामना सुरू व्हायच्या आधी प्रतिमा आपणहून आपलं विणकाम किंवा निवडायची भाजी घेऊन आत जायची. चौदाच्या फायनलला ती शाल घेऊन जिन्यावर बसली होती. सोळाच्या वेळी सकाळीच पिशवी घेऊन घराबाहेर पडली आणि सामना संपेपर्यंत दोड्ड गणपतीच्या देवळात बसून राहिली. परत आली ती आठवड्याची भाजी घेऊन. उपेंद्रचा चेहरा बघून काही न विचारता तिनं आल्याचा चहा ठेवला. हरल्यावरचा चहा तीच करायची आणि तो फार चांगला व्हायचा.

हॉस्पिटलातून ती घरी आल्यावर उपेंद्रनं मनाशी ठरवलं होतं, की आता फुटबॉलकडे बघायचंसुद्धा नाही. पण जूनमध्ये स्पर्धा सुरू झाली आणि अर्जेंटिना जिंकत निघाली. तो चोरून मोबाईलवर आकडे बघायचा. पूर्वी ते आकडे बघताना छातीत जे व्हायचं तेच आताही व्हायचं, फक्त उलटं. उपांत्य सामना पेनल्टीवर जिंकल्याचं कळलं त्या दिवशी तो कारखान्यात वरिष्ठांसमोर मीटिंगमध्ये बसला होता, आणि कुणी काय विचारलं ते त्याला पुन्हा विचारून घ्यावं लागलं. घरी येऊन पहिल्यांदा त्यानं तिच्या बोटाला ते ऑक्सिजन मापायचं यंत्र लावलं. प्रतिमा म्हणाली, सकाळीच तर बघितलंत. मग फायनलचा दिवस उजाडायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि ती इतकी सरळ होती की आधी कशी सुचली नाही याचं त्याला नवल वाटलं. शहाऐंशीनंतर त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एकही फायनल अर्जेंटिनानं जिंकली नव्हती. तेव्हा बघायला हवं होतं. न बघता बसलो आणि जिंकले, तर दोष आपला. म्हणून तो पहाटे उठून बसला. सगळे नेम एकेक करून मोडले. सामना चालू असताना जागा बदलायची नाही हा तालमीचा कायदा, तर तो दर थोड्या वेळानं खुर्चीवरून सोफ्यावर आणि सोफ्यावरून खुर्चीवर जात राहिला. कपाटातून शोधून एक पिवळट टी-शर्ट अंगात घातला. एवढं करूनसुद्धा मागून एक लांब पास आला, पलीकडच्या बचाववाल्याच्या पायाखालून निसटला, आणि उजवीकडच्या त्या काटकुळ्या खेळाडूनं धावता धावता गोलकीपरच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून आत टाकला. असला गोल की बघणाऱ्यानं धन्य व्हावं. उपेंद्रनं टी-शर्टची कड मुठीत धरली.

मध्यंतरात त्याला शेवटचा नेम आठवला. तो अजून मोडायचा राहिला होता. प्रतिमाला हाक मारायची, बाहेर बस म्हणायचं, आणि मग बघायचं हे कसे जिंकतात ते. तो उठून आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेला. दार ढकललं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, पांघरूण खांद्यापर्यंत, केसांची वेणी आजारपणात पार बारीक झालेली. कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र अजून तसंच होतं, परत न्यायला माणूस आला नव्हता. तिला जगवण्यासाठी तिलाच अपशकुन म्हणून बाहेर आणायचं होतं. हे त्याच्या मनात ज्या शब्दांत आलं ते शब्द त्याला ऐकवेनात. घरात एकतीस वर्षं ज्या गोष्टीला चेष्टा म्हणत आलो, ती आपण मनातून खरी मानतो हे त्याला त्या दारात उभं राहून कळलं. चेष्टा असती तर आत्ता तिला उठवायला तो आलाच नसता. तो हलक्या पावलांनी मागे फिरला, दार पुन्हा पुढे ओढलं, आणि उरलेला सामना ब्राझीलची विनवणी करत बघत बसला.

आता फोन थरथरत होता. यशश्रीचे निळे-पांढरे बदाम आले, कारखान्यातल्या बंगाल्यांचे संदेश आले, आणि मग कोल्हापूरहून संग्रामचा फोन आला. तो घ्यावाच लागला, नाहीतर संग्राम घेईपर्यंत लावत बसला असता. पलीकडे फटाके वाजत होते.

"उप्या, बघितलास न्हवं? लेका, जिंकलो की रं." संग्रामचा आवाज फाटला होता. साठीला आलेला माणूस, दोन नातवंडांचा आजोबा, तो हुंदके देत होता. "पेठंत पोरांनी माळा लावल्यात. पोलीस येऊन गेलं, तरी लावल्यात. आरं बोल की कायतरी."

"बघितला," उपेंद्र हळू आवाजात म्हणाला. "चांगला गोल होता."

"चांगला गोल व्हता म्हणं. मेल्यागत काय बोलायलास? वैनी कशा हायत?"

"बऱ्या आहेत. झोपल्यात."

"आतच ठेवलीस न्हवं? शाबास. म्हणून तर आला बघ करंडक," संग्राम रडता रडता हसला. त्याच्या मनात काही नव्हतं. नव्वद सालीही नव्हतं.

उपेंद्रनं फोन ठेवला. पडद्यावर मंडप उभा करायची तयारी चालली होती, बक्षीस द्यायचं राहिलं होतं. तेवढ्यात आतून हाक आली.

"अहो, काय झालं?"

त्याला विचार करायला क्षणही मिळाला नाही, किंवा मिळाला असेल आणि त्यानं तो घेतला नसेल. "हरले," तो म्हणाला. बोलून टाकल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. या घरात, या चार भिंतींत तरी ते हरले होते, दिलेला शब्द इथं पाळला गेला होता. बाहेर काय व्हायचं ते होवो. टीव्हीचं बटण दाबून त्यानं पडदा काळा केला.

आत पलंग करकरला. मग भिंतीला धरत धरत तिची पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. "संपली ना मॅच?" तिनं दाराआडून विचारलं.

"संपली."

तेव्हा तिनं दार उघडलं. अंगावर शाल, ओठ सुकलेले, आणि तोंडावर जे होतं ते उपेंद्रनं यापूर्वीही पाहिलं असणार, पण नीट कधी बघितलं नव्हतं. शाळेत पट्टी खाण्यासाठी हात पुढे करणाऱ्या मुलीचं तोंड होतं ते. "मी आतच होते हो," ती म्हणाली. "पहाटे तुम्ही उठलात तेव्हाच जाग आली होती. पण हलले नाही. पाण्याचा तांब्या त्या टेबलावर राहिला होता, म्हटलं राहू दे. खोकला येत होता तर उशीत तोंड खुपसलं. तुम्ही मधे दारात आलात, तेव्हासुद्धा डोळे मिटूनच होते. खरंच."

खोकला येत नाही म्हणून आपण कान लावून बसलो होतो, आणि ती तो उशीत दाबत होती. दोन तास तहानलेली होती. ती मात्र त्याच्याकडे बघून समजून घेतल्यासारखी मान हलवत स्वयंपाकघराकडे वळली होती. "जाऊ दे. पुढच्या वर्षी वर्ल्ड कप आहे ना," ती म्हणाली. आलं किसल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी फार वेळ उभं राहायचं नाही म्हणून सांगितलं होतं आणि ती हरल्यावरचा चहा करत होती. मी करतो, बस तू, असं म्हणायलाही त्याचं तोंड उघडेना, कारण उघडलं असतं तर दुसरंच काही बाहेर आलं असतं. अर्जेंटिना जिंकलेली असताना आयुष्यात पहिल्यांदाच तो हरल्याचं सांत्वन घेत बसला होता, आणि त्या सांत्वनाची चव त्याच्या ओळखीची होती. त्याला एकदम फार थकल्यासारखं झालं. हे असंच राहावं, आपण दोघं असेच हरलेले राहावं, असं त्याला वाटलं.

पण बेल वाजली. दारात वादिराज उभे होते, घरमालक, निवृत्त मास्तर, त्यांच्या मराठी घराण्याला बेंगळुरूत येऊन तीनशेच्या वर वर्षं झाली होती आणि त्यांची मराठी त्यांच्या घराण्यासारखीच इथं मुरलेली होती. नाकावर मास्क, हातात खोबऱ्याच्या वड्यांची ताटली. ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

"सर, अभिनंदन करायला आलो मी. तुमची टीम जिंकली की. टीव्हीत बघितलो." ते स्वयंपाकघराच्या दारात आलेल्या प्रतिमाकडे वळले. "अक्का, तुम्हीही स्वल्प गोड खावा. काल केलेत घरात. आज तरी सर नाचतील म्हणून वर आवाज ऐकत बसलो होतो आम्ही, तर हे एकदम शांत."

प्रतिमाच्या हातात चहाची गाळणी होती. "जिंकली?" तिनं विचारलं.

"हौदू, जिंकली की. एक-शून्य." वादिराजांना काहीतरी चुकल्याचं जाणवलं असावं. त्यांनी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं, ताटली टीपॉयवर ठेवली, "सरी, मग येतो," म्हणाले आणि जिना चढून गेले.

प्रतिमानं गॅस बंद केला. परत येऊन ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. ती चिडली असती तर उपेंद्रला सोपं गेलं असतं. "बक्षीस द्यायचं राहिलं असेल अजून," ती शांतपणे म्हणाली. "कप हातात येईपर्यंत मी आत बरी, म्हणून हरले सांगितलंत होय? तसं सांगितलं असतं तरी थांबले असते मी." आणि ती खरोखरच आतल्या खोलीकडे निघाली. तिच्या चालण्यात राग नव्हता. एखादं रोजचं काम उरकायला निघावं तशी निघाली.

"प्रतिमा, नाही. तसं नाही." तो तिच्यामागे दोन पावलं गेला. "मी बोललो होतो."

"काय बोलला होतात?"

"तू तिथं होतीस तेव्हा. हॉस्पिटलच्या समोर, झाडाखाली. तू घरी यायचीस आणि ते परत कधी जिंकायचे नाहीत, असं." त्याला वाक्यं जुळवता येईनात. छप्पन्न वर्षांचा इंजिनिअर, आणि वर्गात पाठ न झालेल्या पोरासारखा उभा. "आता ते जिंकले. म्हणजे मी दिलेलं कुणी घेतलं नाही. मग दुसरं काहीतरी घेतील. म्हणून मी आज त्यांच्याविरुद्ध बसलो होतो. ब्राझीलकडून. मध्यंतरात तुला बाहेर बोलवायला आलो होतो मी, तू आलीस की हरतील म्हणून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या अंगातल्या त्या पिवळट टी-शर्टकडे तिचं लक्ष गेलं. "हे म्हणून घातलंय?" तिनं विचारलं, आणि त्यानं मान हलवल्यावर ती हसली. "कुणाला बोलला होतात? अंबाबाईला? तिला अर्जेंटिना कुठं ठाऊक असणार? तुमचं काही कळलंच नसेल तिला, तिनं नुसतं मला सोडलं असेल." हसता हसता तिला खोकला आला आणि ती खुर्चीवर बसली. उपेंद्र धावला. टेबलावरच्या तांब्यातून पाणी ओतून त्यानं भांडं तिच्या तोंडाला लावलं. तिनं ते घटाघटा, एका दमात संपवलं आणि पुन्हा पुढे केलं. दुसरंही संपवलं. तो तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. पाठीची हाडं हाताला लागत होती. खोकला थांबला होता, पण तो पुन्हा येईल, आज नाहीतर उद्या, आणि आपण असेच कान लावून बसू, हे त्याला दिसत होतं. सांगून टाकल्यानं काही उतरलं नव्हतं. फक्त आता ते एकट्याचं राहिलं नव्हतं एवढंच.

भांडं तिनं दोन्ही हातांत धरलं होतं.

"म्हणजे मी घरात होते," ती म्हणाली.

"हो."

"जागी होते."

"हो."

"देवळात नव्हते, जिन्यात नव्हते. इथंच होते. पलीकडे."

"हो, प्रतिमा."

"आणि तरी जिंकले?" तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. "तिकडे हॉस्पिटलात खाटेवर पडल्या पडल्या मी म्हणायचे, आता मी घरात नाही, आता तरी यांच्या मनासारखं होईल. मी घरातून जाण्यासाठीच त्यांचं जिंकणं थांबलं असेल. तुम्ही चेष्टेनं म्हणायचा, ठाऊक होतं मला. पण दर वेळी तुमचं ते तोंड बघायचे ना मी." ती थांबली. "म्हणजे माझ्यामुळं नव्हतं ते."

तिनं उपेंद्रच्या उत्तराची वाट बघितली नाही. भांडं खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली, आधी दबकत, उशीत खोकावं तसं, आणि मग पदर सोडून, मोठ्यानं, वर वादिराजांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. अर्जेंटिना जिंकली म्हणून इतकं सुटून रडणारं माणूस उपेंद्रनं ना तालमीच्या ओट्यावर बघितलं होतं, ना कधी टीव्हीवर. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. एकतीस वर्षं हे माणूस दाराच्या पलीकडे बसून होतं, आणि दार त्यानं लावलं होतं.